केळीच्या वैऱ्याचे यजमान

श्रावण लागला कीं आमच्या घरीं एक ठरलेली वर्दळ सुरू होई. भाईंदर पश्चिमेस, स्टेशनापासून दहा-बारा मिनिटांच्या वाटेवर आमचें जुनें बैठें घर आहे. आजूबाजूस सात-सात मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी मागल्या अंगणांत विहिरीलगत वेलची केळीचें एक बेट तसेंच टिकून होतें. तें माझ्या आईनें लावलेलें. तिचें माहेर खाडीपलीकडचें, आगाशीचें. लग्नानंतर पहिल्या मंगळागौरीला गेली असतां परत येतांना तिनें भावाच्या वाडींतून दोन मुनवे गोणपाटांत गुंडाळून आणले होते, आणि त्यांचाच हा सगळा विस्तार. सत्यनारायणाच्या चौरंगाला चार खांब हवेत म्हणून शेजारची मंडळी आदल्या संध्याकाळीं येत. "काकू, उद्यां पूजा आहे," एवढें म्हटलें तरी पुरे. आई असेपर्यंत व ती गेल्यावरहि आमच्या दारांतून खांबांवांचून कोणी परत गेलें नाहीं.

२०१९ च्या श्रावणांत असाच एक खांब तोडतांना माझा हात थांबला. केळीचा बुंधा म्हणजे एकांत एक गुंडाळलेलीं सोपटें. कोयता बसला कीं आंतून तीं ओलीं आणि पांढरीं शुभ्र निघतात. ह्या बुंध्याच्या कापलेल्या तोंडावर मात्र तांबूस-तपकिरी ठिपक्यांचें एक कडेंच उमटलेलें होतें. दुसरा बुंधा तोडला, त्यांतहि तेंच. माझी पत्नी कंदील घेऊन उभी होती (वीज नेहमीप्रमाणें गेलेली). ती म्हणाली, "अहो, हे खांब पूजेला द्यायचे नाहींत." मी म्हणालों, "पाणी लागलें असेल." वनस्पतिशास्त्र हा विषय शाळेंत तीस वर्षें शिकविलेल्या मनुष्याचें हें उत्तर होतें! खालचीं पानें कडेकडेनें पिवळीं पडून देठाशीं मोडलीं होतीं व बुंध्याभोंवतीं परकरासारखीं लोंबत होतीं, हें महिनाभर मीच पाहत आलों होतों. उन्हानें झालें असेल, अशी समजूत मीं करून घेतली होती.

केळीच्या ह्या रोगाला आपल्याकडे नुसतें 'मर' म्हणतात. जगभर त्याला पनामा रोग म्हणून ओळखतात. त्याची बुरशी मातींत राहते. कोंवळ्या मुळाच्या टोकांतून ती आंत शिरते, आणि जमिनींतलें पाणी पानापर्यंत नेणाऱ्या ज्या नळ्या असतात त्यांतून वर चढत जाते. झाड आपल्या परीनें प्रतिकार करतें. नळींत डिंकासारखा द्रव सोडून शत्रूची वाट अडवितें. परंतु त्याच नळीनें त्याचें स्वत:चें पाणी यावयाचें असतें! अशा रीतीनें भर पावसाळ्यांत, विहिरीच्या कांठीं उभी असलेली केळ तहानेनें वाळते. कापलेल्या बुंध्यांत दिसलेलें तपकिरी कडें हें त्या अडलेल्या नळ्यांचेंच. गृहिणींच्या मनांत येणारी एक शंका येथेंच दूर करतों: रोगट झाडाचें केळें पिकलें तर तें खाण्यास, किंवा पानावर जेवण्यास, मनुष्याला कसलीहि बाधा नाहीं. ही बुरशी केळीच्या वाईटावर आहे, आपल्या नव्हे.

ह्या रोगाचा इतिहास मोठा आहे, पण येथें त्यांतलें थोडेंच लागेल. ऑस्ट्रेलियांत ब्रिस्बेनजवळ जोसेफ बॅन्क्रॉफ्ट ह्यांनीं १८७६ सालीं त्याचें पहिलें वर्णन केलें. पुढें मध्य अमेरिकेंत पनामा, कोस्टा रिका, होंडुरास येथल्या कंपन्यांच्या अफाट मळ्यांत तो असा पसरला कीं 'ग्रो मिशेल' नांवाचें जें केळें सगळें युरोप-अमेरिका खात असे, तें १९६० च्या सुमारास व्यापारांतून उठलेंच. त्याच्या जागीं कॅव्हेंडिश जातीचीं केळीं आलीं. आपली बसराई आणि हल्लीं जळगांवाकडे सर्वत्र दिसणारी ग्रॅण्ड नैन हीं त्याच कुळांतलीं. रोगाच्या जुन्या वंशाला तीं दाद देत नाहींत. म्हणून जगानें सुटकेचा नि:श्वास टाकला. आणि तेवढ्यांत तैवान व मलाया-इंडोनेशियाकडून कॅव्हेंडिशलाहि मारणारा नवा वंश पुढें आला. तो १९९७ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस डार्विन येथें, २०१९ मध्यें कोलंबियांत सांपडला. आपल्या देशांत बिहारमधील कटिहार-पूर्णिया भागांत, मग उत्तर प्रदेशांत व गुजराथेंत सुरतेकडे त्याची नोंद झाली आहे. सुरत म्हणजे आमच्या भाईंदरच्याच रुळांवरचें पुढचें गांव! खानदेशांतल्या लोकांची झोंप उडाली असल्यास नवल नाहीं. आमच्या अंगणांतल्या वेलचीला मात्र मरण्यासाठीं नव्या वंशाची गरज नव्हती. ती जात जुन्यालाच बळी पडते. ती बुरशी आमच्याकडे आली कशी? २०१६ सालीं कुंड्यांसाठीं एका रोपवाटिकेंतून चार गोणी माती आणली होती व उरलेली विहिरीपाशीं पसरली होती. माझा संशय तिच्यावर आहे.

तें सारें बेट आम्हीं उपटलें. कंद खणून काढले, तुकडे केले, वाळवून जाळले. पत्नीच्या डोळ्यांना पाणी आलें. सासूबाईंचें झाड म्हणून तिनें तें माझ्याहूनहि अधिक जपलें होतें. मग मीं पुस्तकी शहाणपण चालविलें. हा रोग केळीचा आहे, तेव्हां केळ नसली म्हणजे बुरशीला खावयास मिळणार नाहीं. दोन-तीन वर्षें जागा मोकळी ठेवली कीं ती उपाशी मरेल! तेवढ्यांत २०२० सालची टाळेबंदी आली, आणि माणसांचेंच जिथें चालेना तिथें त्या जागेकडे कोण पाहतो? दोन पावसाळे तिच्यावर रान माजलें. केना पसरला, एकदांडीच्या पिवळ्या-पांढऱ्या फुलांनीं कोपरा भरला, मधून मधून सहदेवी डोकावूं लागली, आणि विहिरीच्या कठड्यालगत जांभळट तुऱ्यांचें तें गवत उभें राहिलें, जें मिरा रोडच्या प्रत्येक अर्धवट इमारतीच्या आवारांत दिसतें. "जमीन विसांवा घेते आहे," असें मी म्हणत असें. २०२२ च्या ज्येष्ठांत खात्रीच्या ठिकाणाहून टिश्यू कल्चरचीं वेलचीचीं चार रोपें आणून तिथें लावलीं. तीं जोमानें वाढलीं. पुढच्या उन्हाळ्यांत, लोंगर पडण्यापूर्वींच, पहिल्याचें खालचें पान कडेनें पिवळें झालें.

ह्या वेळीं 'पाणी लागलें' असें म्हणण्याचें धाडस मीं केलें नाहीं. रोपें स्वच्छ होतीं. तेव्हां दोष जागेचाच. मीं वाचावयास बसलों, आणि माझ्या तर्कांतलें भोंक तेव्हां कळलें.

त्यांतला अर्धा भाग तर मला ठाऊकच असावयास हवा होता. उपासमार होऊं लागली कीं ही बुरशी जाड कवचाचे बीजाणु करून स्वस्थ पडते, आणि अशा स्थितींत ती वर्षानुवर्षें, किंबहुना दशकानुदशकें, जिवंत राहूं शकते. जवळून केळीचें कोंवळें मूळ गेलें आणि त्यांतून पाझरणारा रस लागला कीं ती जागी होते. तेव्हां माझीं दोन-तीन वर्षें हा कालच तिच्या दृष्टीनें क्षुल्लक. परंतु दुसरा भाग अधिक विलक्षण आहे. ती नुसती उपाशी निजून राहते असेंहि नाहीं. केळ नसतांना ती दुसऱ्यांच्या घरीं जेवते.

ज्या वनस्पतीवर रोगकारक जीव जगतो तिला आपल्या शास्त्रीय मराठींत 'यजमान' म्हणतात. शब्द मोठा समर्पक आहे, पण त्यानें एक फसगतहि होते. यजमान म्हटला कीं पाहुणा आलेला त्याला कळणारच, असें आपल्याला वाटतें. येथें तसें नाहीं. केळीच्या बुरशीचे हे इतर यजमान पूर्ण निरोगी दिसतात. पान पिवळें पडत नाहीं, शेंडा मलूल होत नाहीं. बुरशी मुळाच्या बाहेरच्या भागांत निमूटपणें राहते आणि आंतल्या पाण्याच्या नळ्यांच्या वाटेस जात नाहीं. तें रोप आपल्या ऋतूंत फुलतें, बी टाकतें, मरतें. मूळ कुजतें, आणि बुरशीचे ताजे बीजाणु पुन्हां मातींत मिसळतात. पुढच्या मृगांत नवें तण, नवें मूळ. मी ज्याला जमिनीचा विसांवा म्हणत होतों तें शत्रूसाठीं चालविलेलें अन्नछत्र होतें.

ही गोष्ट आजकालची नव्हे. होंडुरासमध्यें वेट आणि डनलॅप ह्या संशोधकांनीं १९५३ सालीं रोगट मळ्यांतल्या तणांचीं मुळें तपासून प्रसिद्ध केलें कीं केळीची बुरशी तीन प्रकारच्या गवतांत व एका केन्यांत सांपडते. त्या तीन गवतांपैकीं एक म्हणजे पॅरा गवत. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशींसाठीं सांडपाण्यावर वाढवितात तेंच. आणि तो केना म्हणजे आपल्या निळ्या फुलांच्या केन्याचा सख्खा भाऊ. पुढें डार्विनला नवा वंश आल्यावर तेथल्या शास्त्रज्ञांनीं पुन्हां तणांकडे लक्ष वळविलें, आणि २००५ सालीं त्यांनीं जीं चार नांवें छापलीं तीं वाचतांना मी खुर्चींतून उठून मागल्या दारीं गेलों. एकदांडी. सहदेवी. जांभळ्या तुऱ्यांचें गवत. चौथें एक दुधाळ चिकाचें तण, जें आमच्या कुंपणाबाहेर गटाराच्या कडेला उगवतें. हजारों कोसांवरच्या त्या यादींतलीं तीन रोपें माझ्या विहिरीपाशीं डुलत होतीं.

ह्यांत गैर वाटण्यासारखें कांहीं नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. एकदांडी मूळची मध्य अमेरिकेंतली, आणि आज ती भाईंदरला आहे, डार्विनला आहे, कोठें नाहीं? उष्ण प्रदेशांतल्या मोकळ्या जागांचें रान आतां सगळीकडे जवळजवळ एकच झालें आहे. केळ जिथें गेली तिथें तिची बुरशी गेली, आणि बुरशी जिथें गेली तिथें तिच्या स्वागतास हेंच गोतावळें आधीं जमलेलें होतें. बागेंत शोभेसाठीं लावतात त्या हेलिकोनियांवरहि ह्या बुरशीचा एक निराळा वंश मध्य अमेरिकेंत आढळल्याची जुनी नोंद आहे. हेलिकोनिया ही केळीची चुलत बहीणच. तिच्याबद्दल संशय येणें साहजिक होतें. पण गवताचा कोणाला संशय येईल?

दोन गोष्टींचा घोंटाळा मात्र होऊं देऊं नये. ह्याच जातीच्या बुरशीचे अनेक खास प्रकार आहेत. एक हरभऱ्याला मारतो, एक टोमॅटोला, एक कापसाला. हरभऱ्यावरचा केळीला मारीत नाहीं, केळीवरचा हरभऱ्याला नाहीं. ह्या अर्थानें 'केळीचा रोग केळीलाच' हें जुनें म्हणणें खरें आहे. मारण्याच्या बाबतींत ही बुरशी फार चोखंदळ आहे. राहण्याच्या बाबतींत मुळींच नाहीं. माझी चूक एवढीच झाली कीं ती ज्याला मारते तेवढ्यांवरच ती जगते, असें मीं धरून चाललों. आणि नुसत्या डोळ्यांना तणाच्या मुळांत कांहींच दिसत नाहीं. तें मूळ धुवून, तुकडे करून, प्रयोगशाळेंत बुरशी वाढवून मगच बोलतां येतें. म्हणून कोणी आपल्या अंगणांतली प्रत्येक एकदांडी चोर समजून उपटीत सुटूं नये. जिथें केळ मरीनें मेली आहे, त्या जागेपुरताच हा प्रश्न आहे.

येथपर्यंत हें सारें आमच्या चार हात जमिनीचें दु:ख होतें. खांब आतां स्टेशनाबाहेरच्या बाजारांत विकत मिळतात. परंतु वाचतां वाचतां मला एक गोष्ट आठवली, आणि त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

२०१८ च्या ज्येष्ठांत, आमच्या केळींत कांहींहि दोष दिसत नव्हता तेव्हां, मामांचा निरोप आला होता. त्यांच्या वाडींत बाजारासाठीं बसराई लावतां लावतां घरची वेलची नाहींशी झाली होती. "ताईनें नेलेल्या केळीचे मुनवे असतील तर आण. आमचीच जात आम्हांला परत दे." आईला जाऊन तेव्हां वर्ष झालें होतें. मीं मोठ्या हौसेनें तीन टपोरे मुनवे काढले, मुळांना माती राहूं दिली (ती असली म्हणजे रोप लवकर धरतें अशी समजूत!), ओल्या गोणपाटांत बांधले आणि विरारची गाडी धरली. खाडीच्या पुलावरून जातांना खालीं पाणजू बेट दिसलें. आई ह्याच वाटेनें उलट आली होती, असें मनांत येऊन मला भरूनहि आलें होतें.

मुनवा हा ह्या रोगाचा सर्वांत सोयीचा वाहक आहे. तो वरून अगदीं टवटवीत असतो आणि आंत बुरशी घेऊन चालतो. जगभर हा रोग पसरला तो मुख्यत: असाच, प्रेमानें दिलेल्या किंवा पैशानें घेतलेल्या मुनव्यांतून व त्यांना चिकटलेल्या मातींतून.

२०२३ च्या मे महिन्यांत मी आगाशीस गेलों. मामा ऐशींच्या पुढचे. पण सकाळीं वाडींत एक फेरी झाल्याशिवाय चहा घेत नाहींत. वसईच्या ह्या पट्ट्याला केळीचा वारसा मोठा आहे. राजेळीचीं सुकेळीं आगाशीचींच, हें मुंबईच्या जुन्या घरांना सांगावयास नको. मामांच्या वाडींत नारळ, पानवेल, सोनचाफा आणि केळी असें सगळें एकांत एक आहे. मीं बसतां बसतांच विचारलें, "मामा, मीं आणलेल्या वेलचीचें काय झालें?"

"अरे, ती कधींच गेली. टाळेबंदींत पाण्याचा पंप बंद पडला होता ना, तेव्हां वाळली. दोन गेलीं, एक राहिलें."

"पानें कडेनें पिवळीं झालीं होतीं का?"

त्यांनीं माझ्याकडे नीट पाहिलें. "झालीं होतीं. कां रे?"

मीं सगळें सांगितलें. ते मध्यें एक शब्दहि बोलले नाहींत. मग उठले, कोयता घेतला, आणि आम्ही वाडींत गेलों. उरलेल्या वेलचीला दोन पिलें होतीं. मामांनीं मोठा बुंधा एका घावांत तोडला. आंत तें कडें होतें.

माझ्यापेक्षां त्यांनाच पुढचा प्रश्न आधीं सुचला. मेलेल्या दोन केळींची जागा त्यांनीं तीन वर्षें तशीच सोडली होती; तीवर गुडघाभर गवत व केना माजला होता. "हें गवत मी कापून आणतों," ते म्हणाले, "गाईला घालतों. आणि जें निबर होतें तें उपटून ह्या राजेळीच्या आळ्यांत पसरतों. ऊन लागूं नये म्हणून." मग ते गप्प झाले. केळीच्या आळ्यांत पाला-गवत पसरणें ही आगाशीच्या वाडींतली पिढ्यांची उत्तम रीत आहे; ओल टिकते, तण दबतें, कुजून खत होतें. त्या रीतींत खोट नाहीं. पण उपटलेल्या तणाबरोबर मुळें येतात, मुळांबरोबर माती येते. आणि ती नेमकी केळीच्या पायाशींच नेऊन घातली जाते.

राजेळीच्या त्या ओळींत तीन झाडांचीं पानें लोंबत होतीं. मीं त्यांकडे बोट दाखविलें. मामा म्हणाले, "गवतानें कशावरून? पाण्याचा पाट वेलचीकडूनच राजेळीकडे जातो." त्यांचें म्हणणें बरोबर होतें. वाहत्या पाण्याबरोबरहि ही बुरशी जाते, कुदळीच्या पात्याला लागून जाते, चिखलाच्या पायांनीं जाते. गवतानें गेली कीं पाटानें गेली, ह्याचा निवाडा त्या वाडींत उभें राहून करतां येणार नव्हता. माझें स्वत:चें मत मात्र गवताकडे झुकतें; कारण पाट पुढें बसराईच्याहि कडेनें जातो आणि तिथें गवत पसरीत नाहींत. पण बसराई जुन्या वंशाला बळी पडत नाहीं, तेव्हां हाहि पुरावा लंगडाच. मामांनीं तो तिथल्या तिथें मोडून काढला. वनस्पतिशास्त्र न शिकलेल्या ह्या गृहस्थापुढें माझें नेहमींच असें होतें.

मग दोन दिवस आम्हीं जें केलें तें सांगतों, कारण कोणाच्या तरी उपयोगीं पडेल. रोगट केळी ओढून दुसरीकडे नेल्या नाहींत. असतील तिथेंच तोडल्या व कंदासकट तिथेंच जाळल्या. वेलचीच्या पडीक जागेवरचें रान मुळांसकट काढून, दुसरीकडे न पसरतां, त्याच खड्ड्यांत वाळवून जाळलें. तेव्हांपासून ती जागा निंदून स्वच्छ ठेवतात. एकहि तण फुलावर येऊं देत नाहींत. तिथें वापरलेली कुदळ व कोयता धुवून मगच दुसरीकडे न्यावयाचा, आणि त्या बाजूला जावयाचें तें सर्व कामें आटोपल्यावर, शेवटीं. पाट वळवून घेतला. आळ्यांत पाला घालावयाचा तर तो नारळाच्या झांवळ्यांचा व वाळक्या पानांचा. पडीक जागेंतलें उपटलेलें गवत कदापि नाहीं. तें गाईलाहि नाहीं, कारण शेण शेवटीं केळीच्याच खड्ड्यांत जातें. गाईच्या बाबतींत मामांनीं माझ्याशीं बराच वाद घातला व तो मीं जिंकला असें मला वाटत नाहीं. तरी गवत थांबलें.

जमीन पाण्याखालीं बुडविण्याचा उपाय मीं त्यांना सांगून पाहिला. तैवानांत रोगट केळीच्या शेतांत भात घेऊन रोग पुष्कळ कमी केल्याचा अनुभव आहे. मध्य अमेरिकेंत तर कंपन्यांनीं बांध घालून मळेच्या मळे महिनोन् महिने बुडवून ठेवले होते. कांहीं काळ बरें गेलें आणि बुरशी परत आली. मामा हंसले. "माझ्या वाडींत नारळाच्या मधोमध भाताचें खाचर करूं?" त्या जागेवर त्यांनीं आतां सोनचाफ्याचीं कलमें लावलीं आहेत. दादरच्या बाजारांत फुलाला भाव आहे.

निघतांना मीं क्षमा मागितली. ते म्हणाले, "तूं मुद्दाम आणलेंस का? मीच मागितले होते." आणि थोडें थांबून, "ताईची केळ मात्र गेली, दोन्हीकडची."

गेल्या श्रावणांत शेजारच्या इमारतींतल्या एका नव्या सुनेनें पत्नीला विचारलें, "काकू, तुमच्याकडे खांब मिळतात ना?" पत्नीनें तिला आमची रिकामी जागा दाखविली व तिच्याबरोबर स्वत: बाजारांत गेली. तेथें विक्रेत्याकडून चार खांब घेतांना तिनें प्रत्येकाचें कापलेलें तोंड उन्हाकडे धरून पाहिलें. विक्रेता चकित झाला. ती सून तर अधिकच. चारी पांढरे निघाले. पूजा झाली, प्रसाद आमच्याकडेहि आला. दुसऱ्या दिवशीं निर्माल्याबरोबर ते खांब इमारतीच्या बागेंत, हेलिकोनियाच्या वाफ्याशीं टाकण्यास माळी निघाला असतां पत्नीनें त्याला हांक मारून थांबविलें. ते तिनें आमच्या ओट्यावर उन्हांत वाळत ठेवविले, आणि पाऊस उघडल्यावर मागल्या अंगणांत, फरशीवर, मीं ते जाळले.